जवळची बाजू

३ मे, शुक्रवार. सायंकाळी सहा.

गाडी तपासणीत नापास झाली. वास्तविक अठ्ठेचाळीस वर्षांच्या गाडीला या देशात वार्षिक तपासणीची सक्ती नाही. मी ती स्वेच्छेने करून घेतली. कायदा मागत नाही, एवढ्यावरून माणसाने स्वतःकडून काही मागूच नये, हे मला मान्य नाही.

तपासणी सँड्रा बेल नावाच्या बाईंनी केली. त्यांच्या गॅरेजच्या पाटीवर एका साध्या इंग्रजी अनेकवचनाच्या शेवटी एक षष्ठीचे चिन्ह, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, निष्कारण लोंबकळत आहे. मी ते त्यांच्या निदर्शनास आणले. ते तेरा वर्षे तसेच लोंबकळते आहे आणि अजून कुणाच्या डोक्यात पडलेले नाही, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी कागद माझ्या हातात ठेवला. शेरा पुढीलप्रमाणे: ‘पुढचे सस्पेन्शन, जवळची बाजू: किंगपिन झिजलेली. खेळ जास्त.’

किंगपिन म्हणजे ज्या उभ्या खिळीभोवती पुढचे चाक वळते, ती खीळ; खेळ म्हणजे तिचे डुगडुगणे. एक खीळ. दोन शनिवारांचे काम.

शेजारच्या क्लेगला ही बातमी माझ्याआधी कळली होती. कुंपणावरून म्हणाला, ‘काय मास्तर, गाडी सस्पेंड झाली म्हणे?’ चाळीस वर्षे बस डेपोत नटांवर पाने फिरवलेल्या माणसाकडून याहून सूक्ष्म विनोदाची अपेक्षा नाही. त्याने मदत देऊ केली. मी आभार मानून नाकारली. मी अडतीस वर्षे मुलांना व्याकरण शिकवले आहे. व्याकरण म्हणजे तरी दुसरे काय? वाक्य सुटे करणे आणि पुन्हा जोडणे.

एनिडने विचारले, ‘मग समुद्रावर कधी?’ प्रश्नात क्रियापद नाही. पन्नास वर्षांच्या संसारात ही सवय मला मोडता आलेली नाही.

४ मे, शनिवार.

एनिडच्या प्रश्नाची पार्श्वभूमी, वस्तुस्थिती म्हणून. सन १९७३ मध्ये लिंकनच्या एका दुकानाच्या काचेआड अशीच दोन आसनांची, उघड्या टपाची, लाल स्पोर्ट्स कार उभी होती. एनिड काचेला नाक लावून उभी राहिली. हिच्यातून मेबलथॉर्पला जायचे, वाऱ्यात केस उडवायचे आणि समुद्राकडे तोंड करून चिप्स, म्हणजे बटाट्याच्या गरम तळलेल्या फोडी, खायच्या, असा तिचा बेत. मी ‘पुढच्या वर्षी’ म्हणालो आणि आम्ही फिकट तपकिरी, चार दारांची गाडी घेतली. मी साधा भविष्यकाळ वापरला होता. तिने तो वचन म्हणून घेतला.

आमच्या लाउथहून मेबलथॉर्प पंधरा मैल आहे.

ही गाडी गेल्या हिवाळ्यात मी कॅलिफोर्नियाहून इंग्लंडात परत आलेली घेतली. कोरड्या हवेत राहिल्यामुळे तिला गंज नाही. अमेरिकेसाठी बनवलेली असल्यामुळे स्टिअरिंग मात्र डाव्या बाजूला आहे. एनिडला त्याचे हसू आले. त्यात हसण्यासारखे काही नाही.

७ मे, मंगळवार.

रुग्णालयाचे पत्र. एनिडच्या खुब्याची शस्त्रक्रिया सोमवार, २४ जून रोजी. दोन वर्षे वाट पाहून मिळालेली तारीख. बदलण्याचा प्रश्न नाही. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने तिने बुटक्या आसनावर बसायचे नाही. आमच्या गाडीचे आसन जमिनीपासून जेमतेम दहा इंच. म्हणजे तीन महिन्यांनी सप्टेंबर संपणार, आणि त्यानंतर उघड्या टपाने फक्त न्यूमोनियाकडेच जाता येते.

निश्चय: शनिवार, १५ जून. मेबलथॉर्प. टप उघडा. चिप्स.

मी तिला तारीख सांगितली. ती म्हणाली, ‘या वर्षीच्या ना?’

९ मे, गुरुवार.

काम सुरू करण्यापूर्वी शेऱ्याचा अर्थ निश्चित करणे आवश्यक. आमच्याकडे गाडीच्या बाजूंना डावी-उजवी न म्हणता जवळची आणि लांबची म्हणतात. जवळची कशाला? रस्त्याच्या कडेला. आम्ही रस्त्याच्या डावीकडून चालतो, म्हणून आमच्या गाड्यांची डावी बाजू ती जवळची. येथवर सर्व जण माझ्याशी सहमत होतील.

परंतु ही गाडी अमेरिकेच्या रस्त्यासाठी बनवली गेली. तेथे उजवीकडून चालतात. तेथे कडेला जवळची बाजू उजवी. विशेषण नामाचे असते, रस्त्याचे नसते. गाडीने समुद्र ओलांडला म्हणून तिची बाजू बदलत नाही, जसे मी फ्रान्सला गेलो म्हणून माझे यकृत डावीकडे जात नाही. तात्पर्य: या गाडीची जवळची बाजू उजवी.

मी हा विचार क्लेगला समजावून सांगितला. त्याने पाइप तोंडातून काढला. ‘मास्तर, जवळची म्हणजे डावी. स्टिअरिंग टपावर बसवलं तरी डावीच.’ हे विधान आहे, युक्तिवाद नाही.

सँड्रा बेल यांना दूरध्वनी करावा, असे एनिडने सुचवले. ज्यांना अनेकवचन करता येत नाही, त्यांना मी शब्दाचा अर्थ विचारणार नाही.

सायंकाळी दोन्ही चाके हाताने हलवून पाहिली. डावे अधिक हलल्यासारखे वाटले. वाटणे हा पुरावा नव्हे.

११ मे, शनिवार. सकाळी दहा.

गाडीचे तोंड जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर चढवले. गाडी गॅरेजमध्ये अशी उभी आहे की डावीकडे स्वयंपाकघराचे दार आणि भरपूर मोकळी जागा. उजवीकडे भिंत, तिला टेकून मोठा फ्रीजर, आणि फ्रीजर व गाडी यांच्यामध्ये एक सडपातळ मनुष्य मावेल एवढी फट. मी त्या फटीत काम करणार. योग्य बाजू ही सोयीची बाजू असतेच असे नाही.

दुपारी दोन. दुरुस्तीचे पुस्तक वाचले. भाषा लज्जास्पद. ‘चाक काढावे. नट सैल करावा. स्प्रिंग मोकळी करावी.’ कोणी? तीन वाक्यांत कर्त्याचा पत्ता नाही. परिच्छेदाच्या शेवटी तर: ‘जोडणी उलट क्रमाने करावी.’ कशाच्या उलट? प्रकाशकांना पत्र लिहिले. समासात पेन्सिलीने सर्वत्र ‘मी’ घातला. मी चाक काढतो. मी नट सैल करतो. आता पुस्तक वाचनीय झाले आहे.

सायंकाळी पाच. चाक काढले. पत्रात वेळ गेला.

१८ मे, शनिवार.

नट निघत नाही. मी त्याच्यावर तेल सोडले, हातोडी मारली, पान्याला नळी जोडली आणि नळीवर बसलो. नट जेथे होता, तेथे आहे. पान्याचे मात्र दोन तुकडे झाले.

क्लेग दारात येऊन उभा राहिला. त्याने विचारले, ‘कुठल्या दिशेने फिरवताय?’ मी उत्तर देणे टाळले. तो गेल्यावर दुसऱ्या दिशेने फिरवून पाहिला. निघाला.

२५ मे, शनिवार. सकाळी साडेअकरा.

स्प्रिंग उडाली.

त्याच दिवशी, चहानंतर. सविस्तर: पुस्तकातील सूचनेनुसार स्प्रिंगखाली जॅक लावून तिला हळूहळू मोकळे सोडायचे असते. मधल्या काळात जॅक सरकला. स्प्रिंग माझ्या कानाजवळून गेली आणि फ्रीजरचे झाकण चेपले. एनिड कुबडीचा आधार घेत दारापर्यंत आली आणि तिने विचारले, ‘लागलं का?’ मला लागले नाही, असे मी सांगितले. तिने फ्रीजरकडे बोट दाखवले. ‘वाटाणे?’

तिला चालताना वेदना होतात, हे आज प्रथमच लक्षात आले असे नाही. आज प्रथमच मोजले. स्वयंपाकघरापासून गॅरेजपर्यंत सात पावले, दोन विश्रांती.

निश्चय: यापुढे रविवारीही काम.

२ जून, रविवार.

जुनी किंगपिन हातात आली. तासभर तिच्याकडे पाहिले. झीज दिसत नाही. याचा अर्थ झीज सूक्ष्म आहे.

नवीन पिनेभोवती पितळी बुश, म्हणजे नळीसारखी अस्तरे, बसवून ते आतून तासावे लागतात. त्याला विशेष हत्यार लागते. क्लेगकडे ते हत्यार डेपोच्या काळापासून आहे. ‘द्या, संध्याकाळपर्यंत परत देतो,’ असे तो माझ्या हातातल्या भागांकडे पाहत म्हणाला. त्यावर, काय परत देणार, हे त्या वाक्यात नाही, असे मी म्हणालो. तो आपल्या गुलाबांकडे वळला. लिंकनचा एक कारखाना हे काम चार दिवसांत करतो. भाग उद्या तेथे मोटारीने पोहोचवीन. तपकिरी मोटारीने, तिला अद्याप काही झालेले नाही.

९ जून, रविवार. सायंकाळी सात.

भाग शुक्रवारी तयार झाले आणि काल परत आले. आज मी ते बसवले. मी नट आवळले. मी ग्रीस भरले. मी चाक लावले. एक तबकडी उरली आहे. ती बहुधा मुळातच जास्तीची होती.

मी गाडी रस्त्यावर शंभर यार्ड नेली आणि आणली. पुढून टक् टक् असा आवाज आला. नवीन भाग एकमेकांना सरावत असतात.

एनिडने आलमारीतून पिवळा रुमाल काढून इस्त्री केला आहे, डोक्याला बांधायला.

१२ जून, बुधवार. दुपार.

सँड्रा बेल यांनी खाली वाकून चाके हलवली. कागद लिहिण्यापूर्वीच त्यांनी कौतुकाने विचारले, ‘सर, पलीकडच्या बाजूचं काम कुणी केलं हो? फार सुंदर केलंय.’

मी केले, असे मी म्हणालो.

‘पण का?’

त्यांनी डावे चाक वर-खाली धरून हलवले. टक् टक्. मी माझा युक्तिवाद मांडला: समुद्र, रस्ता, विशेषण आणि नाम. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. आमच्या शाळेतले कोणीही असे ऐकून घेत नसे. मग त्या म्हणाल्या, ‘तुमचं बरोबर असेल सर. पण चाक डावीकडचं निघून पडेल. घरी हळू न्या आणि त्यानंतर हिला हलवू नका.’

कागदावर तोच शेरा. त्याच शब्दांत. विरामचिन्हेसुद्धा तीच.

घरी येताना टक् टक् स्पष्ट ऐकू आली. डावीकडून.

१५ जून, शनिवार.

ऊन आहे. वारा मंद. अशी हवा या किनाऱ्यावर वर्षातून चार दिवस असते.

गाडी पुन्हा घोड्यांवर चढवली आहे. यावेळी डावी बाजू सुटी. एनिडने सकाळी थर्मासमध्ये चहा भरला होता. मी तिला काल सर्व सांगितले होते. तरी भरला होता. क्लेगने आपल्या व्हॅनमधून नेण्याची तयारी दाखवली. तिने मान हलवली. तिला व्हॅन नको होती. अकराच्या सुमारास तिने रुमालाची घडी घालून तो आलमारीत ठेवला आणि चहा आम्ही स्वयंपाकघरात घेतला.

मी तिच्या अपूर्ण वाक्याची वाट पाहत राहिलो.

निश्चय: २२ जून. एक आठवडा पुरेसा आहे. बाजू आता माहीत आहे, हे लक्षात घेता, अधिकच पुरेसा.

१६ जून, रविवार.

क्लेग स्वतः आला. बुश तासण्याचे हत्यार बरोबर घेऊन. ‘मास्तर, दुपारपर्यंत होतं. बाईंना पुढच्या शनिवारी बसवा आणि जा.’

मी त्याला सांगितले की एक बाजू मी व्यवस्थित केली आहे, आणि दोन बाजूंची शैली वेगळी होणे बरे नव्हे.

त्याने हत्यार पुन्हा फडक्यात गुंडाळले. मग म्हणाला, ‘शैली तुमची, खुबा त्यांचा.’ आणि गेला.

भाग उद्या लिंकनला पोहोचवीन. मागच्या वेळी चार दिवस लागले होते. चार दिवस म्हणजे शुक्रवार. शुक्रवारनंतर शनिवार येतो.

२१ जून, शुक्रवार.

कारखान्याचा दूरध्वनी. हत्यार मोडले. मंगळवार.

मंगळवार म्हणजे २५ तारीख.

एनिडला सांगितले. ती रुग्णालयाची पिशवी भरत होती. तिने पिशवी माझ्याकडे दिली आणि चेन लावायला सांगितली. तिला वाकता येत नाही. मी चेन लावली. चेन पहिल्या प्रयत्नात लागली, याची नोंद व्हावी.

२४ जून, सोमवार.

क्लेगच्या व्हॅनमधून गेलो. तिचे आसन उंच आहे. एनिड खिडकीतून बाहेर पाहत होती. कुंपणांपलीकडची शेते दिसतात, असे म्हणाली. क्लेगने वाटेत एकदाही गाडीचा विषय काढला नाही. त्याने काढला असता, तर बरे झाले असते.

सायंकाळी पाच. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. येथे कर्त्याची आवश्यकता नाही.

२५ जून, मंगळवार.

भाग आले. मी ते बाकावर ठेवले. आज काम केले नाही. भेटीची वेळ दोन ते चार.

२८ जून, शुक्रवार.

एनिड घरी आली. दोन कुबड्या आणि छापील सूचनांचा एक कागद. ‘वीस इंचांपेक्षा कमी उंचीच्या कोणत्याही आसनावर बसू नये.’ वाक्य निर्दोष आहे. मी त्यात दोष शोधला. घरातील एकूण एक आसन मोजले. जेवणाच्या खुर्च्या साडेसतरा. सोफा चौदा. संडास सोळा, त्यावर रुग्णालयाने दिलेली बैठक बसवली. एका खुर्चीच्या पायांखाली लाकडी ठोकळे घातले. आता तेवढीच एक खुर्ची तिची. ती तिच्यात बसते आणि भिंतीकडे पाहते, कारण खुर्ची हलवली की ठोकळे निघतात.

मोजण्याची फीत गळ्यातच राहिली.

८ जुलै, सोमवार.

डावी बाजू दुरुस्त झाली.

१० जुलै, बुधवार.

गाडी अद्याप खाली उतरवलेली नाही. अखेरचे नट गाडीचे वजन चाकांवर असतानाच आवळायचे असतात. म्हणून तिला चारी चाकांवर उभी करून, चाकांखाली रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर रचले आहेत. दोन-दोन, आडवे-उभे. हत्तीने लाथ मारली तरी हलणार नाही, असे कोणी तरी म्हणाले. नट आवळले गेले आहेत. तपासणी शनिवारी करून घेता येईल. परंतु कोठे जायचे आहे, हे स्पष्ट नसल्यामुळे घाई नाही.

१४ जुलै, रविवार. सायंकाळ.

प्रथम ८ जुलैच्या नोंदीत दुरुस्ती. ‘दुरुस्त झाली’ असे लिहिले आहे. डावी बाजू क्लेगने दुरुस्त केली. त्याला एनिडने बोलावले होते, आणि तो दुपारी एक ते साडेचार एवढ्या वेळात काम संपवून चहा न घेता गेला. मी पाने हातात देत होतो. दोन वेळा चुकीचा दिला. १० जुलैचे ‘कोणी तरी’ म्हणजेही क्लेग.

आज चार वाजता मी गॅरेजमध्ये होतो. काही करत नव्हतो. स्वयंपाकघराच्या दारातून कुबड्यांचा आवाज आला. सात पावले, विश्रांती नाही. एनिड दारात थांबली आणि ठोकळ्यांवर उंच उभ्या असलेल्या गाडीकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने माझ्या गळ्याकडे बोट केले. ‘मोज.’

मी आसन मोजले. बावीस इंच. पुन्हा मोजले. बावीस.

ती दारातून येताना जी बाजू जवळ होती, तिच्याकडे गेली. डावी. मी तिच्या निदर्शनास आणले की ते चालकाचे आसन आहे. ती म्हणाली, ‘मला हे जवळ आहे.’ यावर युक्तिवाद होऊ शकत नाही. कागदावर लिहिल्याप्रमाणे तिने आधी आसनाकडे पाठ केली, मग बसली, मग पाय एकेक करून मी आत घेतले. मी टप उघडला. तिने खिशातून पिवळा रुमाल काढला. म्हणजे ती तो घेऊनच आली होती.

मग मी वळसा घालून लांबच्या बाजूला गेलो आणि फ्रीजर व गाडी यांच्यातल्या फटीतून शेजारच्या आसनावर चढलो. गॅरेजचे मोठे दार उघडे होते. आम्ही तोंड करून होतो ते मागच्या भिंतीकडे. तिच्यावर झाडांची कात्री आणि १९९८ सालचे दिनदर्शिकेचे एक पान टांगलेले आहे.

एनिडने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरले. ‘समुद्र कुठे?’

उजवीकडे, असे मी सांगितले. भिंत, शेजारचे घर आणि पंधरा मैल. तिने स्टिअरिंग उजवीकडे वळवले. पुढची चाके स्लीपरवर करकरली, पण टक् टक् कोठेच झाली नाही. दोन्ही बाजूंनी नाही. हे मी तिला ऐकवले. ती म्हणाली, ‘ऐकतेय. तू बोलू नकोस, वारा लागू दे.’

वारा नव्हता. तरी मी बोललो नाही.

पाच वाजता क्लेग आला. मेबलथॉर्पहून चिप्स आणल्या होत्या. कागदात गुंडाळलेल्या, व्हिनेगर घातलेल्या, आणि पंधरा मैलांत थंड झालेल्या. त्याने त्या एनिडच्या मांडीवर ठेवल्या. ‘मास्तर, काय ठरलं मग? जवळची कुठली?’

‘डावी,’ मी म्हणालो.

त्याने पाइप पेटवला नाही. गॅरेजमध्ये पेट्रोल आहे. फ्रीजरच्या चेपलेल्या झाकणावर तो बसला आणि आम्ही तिघांनी चिप्स संपवल्या. मी तपासणीचा विषय काढला: शनिवारी गाडी खाली घेता येईल, सँड्रा बेल यांना वेळ आहे. एनिडने चिप्सचा कागद नीट घडी करून माझ्याकडे दिला आणि उद्या चार वाजता टप पुन्हा उघडा हवा, असे सांगितले.

गाडी सप्टेंबरअखेरपर्यंत खाली उतरवायची नाही, असे ठरले.

कर्ता: एनिड.